हप्त्याची मोटार

उमरगा,
ता. ४ नोव्हेंबर १९५७

दोस्त उत्तरेश्वर यास नबीलालचा सलाम.

हितं समदी खुशाल हायती. परवा तुमच्या तुरोरीला जाऊन आलो. विठामाय वसरीवर उडीद पाखडत बसली हुती. मला बगून म्हणली, "नबी, माझा धाकला परंड्याच्या कचेरीत बसून वाळला का रं?" म्या म्हणलं, वाळला न्हाय माय, मास्तरावानी चष्मा लावायला लागलाय. लई हसली. तुझे थोरले, कोंडीरामदादा, रानात हुते, त्यांची गाठ पडली न्हाय.

आता कामाचं लिवतो. आमचे डाक्टरसाहेब उमरगा सोडून कायमचे हैद्राबादला चालले. धा वर्सं म्या त्यांची मोटार हाकली. ते म्हणत्यात, तूबी चल. पर गुलबानो तयार न्हाय. पोरींची शाळा हितं, तिचं माहेर बार्शीला, तिकडं परक्या मुलखात काय करावं म्हणती. तवा म्या इचार केला, आता दुसऱ्याची मोटार पुसायची न्हाय. आपली करायची.

सोलापुरात एक पेढी हाय. जुन्या मोटारी हप्त्यावर देती. एक काळी मोटार बगून आलो, सात माणसं दाटीनं बसत्याल. इंजिन चालू करून कान लावला. झोपलेल्या मांजरावानी गुरगुरतंय. थोडी रक्कम आधी नगद भरायची, त्याला गुलबानोच्या पाटल्या हायत. बाकीचं तीन वर्सं, म्हैन्याच्या म्हैन्याला. उमरग्यात टॅक्सी म्हणली तर एकट्या सिद्धेश्वरची, तीबी निम्मा येळ बंद. गुलबर्ग्याचा उरूस, तुळजापूर, अक्कलकोट, सोलापूरची रेल्वे, भाडं काय कमी हाय व्हय?

पेढीला एक जामीन पायजे. सरकारी नोकर असला तर बेस म्हणत्यात. तू एक दिवस रजा काढून सोलापूरला ये, एक सही कर. शाळंत एका पाटीवर लिवलं आपण, तुला सोडून कुणाला सांगू? शेटजी माणूस चांगला हाय. मला खुर्ची दिली, चहा पाजला, "नबीलालभाई" म्हणला. डाक्टरसाहेबाच्या घरी धा वर्सांत म्या खुर्चीवर बसलो न्हवतो.

जबाब लवकर दे.

तुझा
नबीलाल


परंडा,
ता. १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय नबीलाल यास सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी सोलापूरला जाऊन आलो. तुला कळवलं नाही. पेढी बघितली, मोटार बघितली, आणि गिऱ्हाईक असल्यासारखं बसून त्यांचा छापील करारही वाचला. वाचून झाल्यावर बाहेर येऊन फूटपाथवर बराच वेळ उभा राहिलो.

नबी, मी सही करणार नाही.

रागावशील. पण आधी ऐक. शेटजी व्याजाचा दर सांगतात तो कमी वाटतो. मात्र ते व्याज पहिल्या दिवशीच्या पुऱ्या रकमेवर तीनही वर्षं चालतं. तू निम्मं फेडलंस तरी व्याज पुऱ्याचंच देत राहायचं. शेवटचा हप्ता जाईपर्यंत मोटार पेढीच्या नावावर. तोवर तू मालक नाहीस, भाडेकरू आहेस. एक हप्ता चुकला की दंड. दोन चुकले की रस्त्यात, जिथं दिसेल तिथं, गाडी उभी करून न्यायचा हक्क त्यांचा. भरलेलं मग सगळं भाड्यात गेलं. वर गाडी विकून जे कमी पडेल ते तुझ्याकडून, नाहीतर जामिनाकडून. आमच्या कचेरीत जप्तीच्या नोटिसा मीच लिहितो. मला ही वाक्यं झोपेतसुद्धा ओळखू येतात.

तू उरुसाचं भाडं मोजलंस. आषाढात, श्रावणात कोण जाणार गुलबर्ग्याला? ओढे भरतात, रस्ता तुटतो. हप्ता मात्र तुटत नाही. टायर, परमिट, विमा, पोलिसाचा चहा, हे तू कुठंच धरलेलं नाहीस.

माझं ऐक. दोन वर्षं एखाद्याच्या लॉरीवर नोकरी कर. पाटल्या राहू देत भाभीच्या हातात. निम्मी किंमत साठली की बाकीच्यापुरतंच कर्ज काढ, आणि चार महिन्यांचे हप्ते डब्यात बाजूला असल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नको. त्या दिवशी मी दोन सह्या करीन. आणि कुणीही कोरा कागद पुढं केला तर हात मागं घे, मग तो कितीही "भाई" म्हणो.

घरातून द्वारकाबाई नमस्कार सांगते. ती म्हणाली, इतकं कडक लिहू नका. पण मऊ लिहिलं तर तू अर्धंच वाचशील.

तुझा
उत्तरेश्वर


उमरगा,
ता. २१ जानेवारी १९५८

उत्तरेश्वर यास सलाम.

तुझं कागूद पोचलं. जबाबाला उशीर झाला, कारण मोटार आणाया गेलतो.

व्हय, आणली. गुलबानोचे वालीद दादामियाँ, त्यांना म्या मामू म्हणतो, ते जामीन राहिले. बार्शीजवळचा त्यांचा मळा कागदावर लावला. म्या नको म्हणत हुतो. ते म्हणले, "जमाई, तुमी दारू पीत न्हाय, पत्ते खेळत न्हाय, तुमच्यावर इस्वास न्हाय ठिवायचा तर कुणावर?" म्हातारं माणूस, अंगठा लावला आणि शाई रुमालाला पुसली. तुझी फिकीर मिटली आता. तुजं नाव कुठंबी न्हाय.

कोऱ्या कागदाचं तू लिवलं हुतंस. दोन हुते. शेटजी म्हणला, दर म्हैन्याला सोलापूरचा हेलपाटा नको म्हणून घेतो. म्या सही केली.

पयल्या सफरीला विठामायला तुळजापूरला नेऊन आणलं. पैका घेतला न्हाय, काढूबी नको म्हणलं. माय पुढं माझ्या शेजारी बसली, काच खाली कर म्हणली आणि रस्ताभर वळखीचं माणूस दिसलं की हात करीत हुती. नळदुर्गाजवळ थांबून आमी पेरू खाल्लं.

कामधंदा बरा हाय.

नबीलाल


परंडा,
ता. २ फेब्रुवारी १९५८

प्रिय नबीलाल,

मोटार आलीच आहे तर बरकत येवो. आईनं गावभर सांगितलंय म्हणे, की नबीनं मला राणीसारखं नेलं.

ते दोन कोरे कागद परत माग. देणार नाहीत, तरी माग, आणि दोन माणसांसमोर माग. दर हप्त्याची पावती घे. उरुसात चार पैसे जास्त मिळाले तर घर शाकारू नको, पावसाळ्यासाठी ठेव. एवढंच.

तुझं पत्र आखूड होतं. मी समजलो.

उत्तरेश्वर


उमरगा,
ता. २६ ऑगस्ट १९५८

दोस्त उत्तरेश्वर यास सलाम.

लई दिवसांनी लिवतो. उरूस चांगला गेला. उन्हाळ्यात लगीनसराई चांगली गेली. त्या पैक्यात टायर घेतले, मोठ्या पोरीचं दुखनं निघालं, घराची भिंत पडली ती उभी केली. तू म्हणशील, सांगितलं हुतं. व्हय, सांगितलं हुतंस.

पाऊस यंदा सुटंना. येणेगुरच्या म्होरं रस्त्यावर पाणी. रोज मोटार पुसून अड्ड्यावर लावतो, सांजंला तशीच घरी आणतो. आखाडात इंजिनानं धूर वकायला सुरवात केली. मिस्त्री म्हणला, आतलं समदं खाल्लंय, आधीच्या धन्यानं नुसतं दाट तेल भरून आवाज दाबला हुता. म्या कान लावून घेतलेली मोटार! धा वर्सांचा डायवर म्या, आणि माझ्या कानाला फसवलं.

शेटजीकडं गेलो. त्यानं एका शब्दानं दुखवलं न्हाय. म्हणला, "नबीलालभाई, मोटार बंद तर हप्ता कुठनं देणार? इंजिन आमी करून देतो. तो खर्च आणि राहिलेले हप्ते मिळून नवा कागद करू. मुदत वाढंल, हप्ता थोडाच वाढंल." त्यानं मला मरताना पाणी पाजलं बग. सही करून आलो. मोटार आता चालू हाय.

मामूंना सांगितलं न्हाय. तूबी कुणाला बोलू नको.

तुझा
नबीलाल


परंडा,
ता. ३ सप्टेंबर १९५८

नबी,

गाडी परत कर. पत्र वाचून होताच सोलापूरला जा, अड्ड्यावर लावायच्या ऐवजी पेढीच्या दारात लाव, किल्ली दे आणि दिल्याची पोच लिहून घे.

नवा कागद म्हणजे पाणी नव्हे. जुन्या व्याजाचं मुद्दल झालं आणि त्यावर नवं व्याज बसलं. इंजिनाचा खर्च त्यांनी सांगितला तो. मिस्त्री त्यांचा, बिल त्यांचं. असाच आणखी एक पावसाळा आला की तिसरा कागद होईल. तू तीन वर्षांत सुटणार होतास, आता मोजून बघ.

भरलेलं बुडेल, मला ठाऊक आहे. पाटल्या गेल्या. त्यांच्यामागं दादामियाँचा मळा जाऊ देऊ नको. आज गाडी चालू आहे, अंगावर रंग आहे, आज तिला किंमत येईल. ते नेतील तेव्हा भंगाराच्या भावात विकतील आणि उरलेलं म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतील.

लोक हसतील म्हणशील. चार दिवस हसतील. हवं तर मी येतो, दोघं जाऊ.

उत्तरेश्वर


उमरगा,
ता. ९ डिसेंबर १९५८

उत्तरेश्वर यास सलाम.

तुझं कागूद येऊन लई दिवस झाले. मोटार परत केली न्हाय. पोरी शाळंत "आमच्या अब्बाची मोटार" म्हणत्यात.

धंदा ठीक हाय. आजकाल सोलापूरकडं जात न्हाय, तिकडचा रस्ता खराब झालाय. हुमनाबाद, गुलबर्गा, आळंद असं करतो. विठामाय बरी हाय, पोटात दुखतं म्हणत हुती, ओवा खाल्ला म्हणं.

नबीलाल


परंडा,
ता. २९ मार्च १९५९

नबीलाल,

आईला काल सोलापूरच्या दवाखान्यातून सोडलं. कोंडीरामदादा तिला तुरोरीला घेऊन गेला. आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर हात लावून उपयोग नव्हता. तू वेळेवर नेलंस. तार मिळून मी पोचलो तो दुसरा दिवस उजाडला. तुला शोधत होतो. दादा म्हणाला, "दारात उतरवलं, पेट्रोल टाकून येतो म्हणाला, तो आलाच नाही." मला वाटलं, माझ्यावरचा राग अजून गेला नाही, म्हणून तोंड न दाखवता परतला.

तो राग असेल तर असो. पण आज कुर्डुवाडीच्या स्टँडवर धुळाप्पा ड्रायव्हर भेटला. म्हणाला, नबीलालची गाडी पेढीनं नेली. कुठं, कशी, त्याला नीट सांगता येईना.

मी सप्टेंबरात काय लिहिलं होतं? गाडी रंगात होती, तेव्हा किल्ली द्यायला तुझा हात उठला नाही. पोरी शाळेत काय म्हणतात याची तुला काळजी. आता त्या काय म्हणणार? सोलापूरचा रस्ता खराब म्हणून मला लिहितोस. रस्ता खराब नव्हता, तू तोंड लपवत होतास, आणि मी खुळा खरं मानून बसलो. भाभीच्या पाटल्या तू तुझ्या मोठेपणापायी घालवल्यास. आता दादामियाँच्या मळ्याची पाळी. जामीन मागायला माझ्याकडं आला होतास तेव्हा मी नाही म्हणालो, याचं आज मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आई तुझी आठवण काढते. तिला मी यातलं काही बोललो नाही.

उत्तरेश्वर


उमरगा,
ता. ७ एप्रिल १९५९

उत्तरेश्वरभाऊजींना गुलबानोचा सलाम.

म्या बार्शीच्या शाळंत चौथीपतुर शिकले, म्हणून हे माझ्याच हातचं हाय. त्यांना ठाऊक न्हाय. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठिवलं. जेवले न्हाईत. सदरा धुवायला टाकताना मला सापडलं, म्या वाचलं. भाऊजी, तुमी मोठे हाव, पर तुमाला ठाऊक न्हाय ते म्या सांगते.

त्या दिवशी दुपारी कोंडीरामभाऊजी बैलगाडीत घालून मायला आमच्या दारात घिऊन आले. माय कण्हत हुती, तोंड काळंनिळं. हितल्या डाक्टरनं हात लावून बगितला आणि म्हणला, सोलापूर, आत्ताच्या आत्ता, सांज झाली तर न्हेऊ नका. सोलापूरची बस गेलती. सिद्धेश्वरची टॅक्सी गुलबर्ग्याला.

कोंडीरामभाऊजी म्हणले, "नबी, माय जाती रं."

हे माझ्याकडं बगाया लागले. सोलापूरच्या नाक्यावर पेढीची माणसं रोज बसून असत्यात हे आमा दोघांनाच ठाऊक हुतं. पाच हप्ते तटले हुते. म्हणूनच तिकडं जात न्हवते. म्या दाराआड बोलावून म्हणलं, "नळदुर्गापतुर न्ह्या. तिथनं दुसऱ्या मोटारीत घाला."

ते म्हणले, "गुल, दुसरी मोटार घावंपतुर माय थांबंल का?" आणि गेले.

नाक्यावर पेढीच्या माणसांनी ह्यांना वळखलं. दोघं आडवे आले. हे खाली उतरून हळूच म्हणले, "मागं पेशंट हाय. दवाखान्याच्या दारात मला जाऊ द्या, तिथं किल्ली म्या माझ्या हातानं देतो." एकजण पुढं शेजारी बसला. कोंडीरामभाऊजींना वाटलं, रस्ता दावाया कुणी वळखीचा बसला. मायचं डोकं त्यांच्या मांडीवर, ते कुठं बगत्यात.

मायला आत न्हेल्यावर ह्यांनी किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी उमरग्याला आले ते एका लॉरीच्या टपावर बसून. हातात मोटार पुसायचं फडकं तेवढं हुतं. ते धुवून वाळत घातलं आणि मला म्हणले, "उत्तरेश्वरला कळू द्यायचं न्हाय. तो मायच्या जिवाचा हिशोब मांडत बसंल."

म्या ह्यासाठी लिवत न्हाय. ते रागावतील तरी लिवते, कारण आता दुसरंच आलंय. मोटार मातीमोलानं विकली म्हणं, आणि उरलेले पैसे माझ्या अब्बांकडून वसूल करनार अशी नोटीस बार्शीला गेली. अब्बा अंथरुनाला खिळले. पेढीचा माणूस काल हितं आला हुता. म्हणतो, जुनी बाकी नव्या कागदात घालू, दुसरी मोटार देऊ, मळ्याला हात लावत न्हाय. हे व्हय म्हणले. येत्या सोमवारी सही कराया जानार हायत. अब्बांचा मळा वाचवायचा म्हणून. म्या पाया पडले, ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील का ठाऊक न्हाय. पर माझं सांगायचं दुसरं माणूस न्हाय.

तुमची
गुलबानो


परंडा,
ता. ९ एप्रिल १९५९

नबी,

मी उद्या निघतो, शनिवारी तुझ्या दारात आहे. तोवर सोलापूरला जाऊ नको. पेढीचा माणूस आला तर घरात नाही म्हणून सांगायला लाव.

बाकीचं तोंडानं बोलू. मला बोलता येईल असं वाटत नाही, पण येतो.

उत्तरेश्वर


उमरगा,
ता. १५ जून १९५९

उत्तरेश्वर,

तू आलास तवा म्या तुझा शब्द मानला. नव्या कागदावर सही केली न्हाय. तू म्हणलास, मळ्याचं मी बगतो, शेटजीशी बोलतो. म्या समजलो, तुझ्या कचेरीच्या वळखीनं काय तरी मुदत घेनार.

काल मामू बार्शीहून आले. चालत अड्ड्यावर आले, मला हुडकत. म्या म्हणलं, तबेत बरी दिसती. म्हणले, "बरी न्हाय तर काय? मळा सुटला, जमाई. कागूद हातात दिला त्यांनी." मग समदं सांगितलं. तू त्यांना घिऊन पेढीत तीनदा गेलास. कोऱ्या कागदांवरनं शेटजीशी भांडलास, एक वकील संगं न्हेलास, बाकी निम्म्यावर आणलीस. आणि त्या निम्म्याला मामूंचं नाव खोडून तुझं घातलंस. तुझ्या पगारातनं दर म्हैन्याला जानार. मामू तुला दुवा देत रडत हुते, अड्ड्यावरची माणसं बगत हुती.

उत्तरेश्वर, म्या सही मागितली तवा दोस्तीत मागितली हुती. तू न्हाय म्हणलास. तुझं बरोबरबी हुतं. म्या मनात धरलं, पर मग सोडलं. आता तू सही दिलीस ती कशापायी? म्या मायला न्हेलं म्हणून. भाडं दिलंस तू मला. विठामायला म्या तुळजापूरला न्हेलं तवा भाडं घेतलं न्हाय, आणि सोलापूरचं भाडं तू परस्पर माझ्या सासऱ्याच्या हातात ठिवलंस.

मोटार गेली तवा एवढं वाटलं न्हवतं. गुलबानोनं तुला लिवलं हे आता कळलं. तिच्याशी दोन दिवस बोललो न्हाय. मग तीच बोलाया लागली.

नबीलाल


परंडा,
ता. २४ जून १९५९

प्रिय नबीलाल,

तुझं पत्र चारदा वाचलं. द्वारकाबाईनंही वाचलं. ती म्हणाली, बरोबर लिहिलंय.

भाडं दिलं असं तुला वाटलं, ते वाटणारच. मी तुला न सांगता केलं, कारण सांगितलं असतं तर तू सोमवारी जाऊन दुसऱ्या गाडीची किल्ली घेऊन आला असतास. तुझी सही होऊ नये म्हणून मी माझी केली. एवढाच त्याचा अर्थ. आईच्या जिवाची किंमत पेढीच्या कागदावर मांडण्याइतका मी अजून कारकून झालेलो नाही. मार्चमध्ये तुला जे लिहिलं ते मात्र माझ्याच हातानं लिहिलं आणि पेटीत टाकलं. तेव्हा आई जिवंत घरी पोचली होती, तुझ्यामुळं.

यावेळचा कागद मी प्रत्येक ओळ वाचून केलाय. रक्कम ठरलेली, तिच्यावर व्याज नाही, दंड नाही, शेवटची तारीख लिहिलेली. ते दोन कोरे कागद शेटजींनी माझ्यासमोर फाडले. वकिलानं नुसता मुन्सफ कोर्टाचा विषय काढला आणि चहा आला. मी तो प्यायलो नाही.

आता माझं एक ऐक. हप्त्यातलं निम्मं तू दे. लॉरीवर लागलायस असं भाभीनं कळवलं. दर महिन्याला मनीऑर्डर कर. उशीर झाला तर मी नोटीस पाठवणार नाही, पण पत्र पाठवीन. मला उपकार करायचे नाहीत आणि फेडायचेही नाहीत. आपण दोघांनी मिळून एक खड्डा बुजवायचा, एवढंच.

आमच्या घरात यंदा दिवाळी नाही. पोराच्या वह्या मी कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांच्या शिवतोय. हे तुला सांगतो, कारण लपवलं तर परस्पर केलं असं तू पुन्हा म्हणशील.

तुझा
उत्तरेश्वर


उमरगा,
ता. १८ डिसेंबर १९५९

दोस्त उत्तरेश्वर यास नबीलालचा सलाम.

या म्हैन्याची मनीआर्डर केली हाय. मागच्या दोन पोचल्या असं द्वारकावहिनीनं लिवलं. मामू गेले हे तुला कळलंच. मळ्यातच गेले, हिरीजवळ. त्यांना मळ्याच्या कडंलाच माती दिली. गुलबानो तिकडंच हाय अजून. म्या दोन दिवसांत परत लॉरीवर आलो, धनी जास्ती रजा देत न्हाय.

विठामायला परवा भेटून आलो. तिला कुणी तरी समदं सांगितलंय. कोंडीरामदादाच असणार. माझ्या दंडाला धरून बसली. निघताना म्हणली, "नबी, मला तिथंच रस्त्यात सोडायचं हुतं रं." म्या म्हणलं, माय, असं बोलू नको.

एक गोस्ट सांगायची म्हणून लिवतो. बुधवारी शेंगा भरून सोलापूरला चाललो हुतो. नळदुर्गाच्या हाटेलाम्होरं थांबलो तर तिथं ती उभी. रंग निळा दिलाय, आत नव्या गाद्या घातल्या. पर दाराला म्या केलेला तारेचा आकडा तसाच हाय. शेजारच्या बाकावर एक जवान पोरगा हुता, मल्लिनाथ नावाचा, अक्कलकोटकडचा. म्या म्हणलं, मोटार तुमची का? म्हणला, "व्हय, माझीच." म्या म्हणलं, नगद घेतली? म्हणला, "हप्त्यावर. गेल्या म्हैन्यातच घेतली. आईच्या नावचं घर लावलंय."

म्या त्याच्या बाकावर जाऊन बसलो. तू मला जे जे लिवलं हुतंस ते समदं त्याला सांगितलं, तुझ्यावानी नीट न्हाय जमलं. व्याज कसं पुऱ्या रकमंवर चालतं ते सांगितलं. पावसाळ्यात चार म्हैनं काय करशील म्हणलं. इंजिन एकदा बाहेरच्या मिस्त्रीला दाव म्हणलं. अजून येळ हाय, किल्ली दिऊन पोच घे म्हणलं. त्यानं आयकलं. मग म्हणला, "चाचा, तुमाला आमची पोटं बगवंनात का?" पैसे ठिवून उठला. ती मोटार आधी कुणाची हुती ते म्या सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तरी त्यानं ते खरं धरलं नसतं.

म्या आधी निघालो. लॉरी भरलेली, चढावर कण्हत चालली हुती. थोड्या येळानं मागनं हार्न वाजला. आरशात बगायची गरज पडली न्हाय. त्यो हार्न म्या रात्रंदिस वाजवलेला. पोरगा तो दाबून धरूनच बसला हुता, घाई झालती त्याला.

म्या लॉरी कडंला घेतली आणि साईड दिली.

तुझा
नबीलाल